‘नळी घातली’ म्हणजे कोणती नळी? टिळक रस्त्यावरच्या आरोग्य-इंग्रजी वर्गाचं परीक्षण

टिळक रस्त्याच्या आतल्या गल्लीत ज्येष्ठ नागरिकांसाठी आरोग्याचं इंग्रजी शिकवणारा एक छोटा वर्ग चालतो. एकूण सहा तासिका, प्रत्येक दीड तासाची. पहिल्या दोन तासिकांत शरीराचे अवयव, ताप, बीपी, शुगर असं सगळं उरकतात. मधल्या तीन पूर्णपणे मुतखड्याला दिल्यात. शेवटची फोनवरचं बोलणं आणि विमा यांसाठी. येणारे बहुतेक जण मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला, इंग्लंडला सहा-सहा महिने राहायला जाणारे. काहीजण मात्र इथलेच, पुण्यातला सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की तो कळावा एवढ्यासाठी येणारे.

मुतखडा निवडण्यात शहाणपण आहे. हे दुखणं वेळ सांगून येत नाही, रात्री-अपरात्री येतं, आणि पहिल्या दहा मिनिटांत पेशंट काय बोलतो त्यावर पुढचं बरंचसं ठरतं. शिवाय त्याचे सगळे कागद इंग्रजीत. सदाशिव पेठेत तपासणी केली तरी इंग्रजीत आणि न्यू जर्सीत केली तरी इंग्रजीत.

आधीच सांगून टाकतो: पहिल्या दोन तासिका चुकल्या तरी चालतील, तिसरी ते पाचवी चुकवू नये. सोबत मिळणारी पुस्तिका चांगली आहे, पण तिच्यातलं आहाराचं पान फाडून टाकावं इतकं चुकीचं आहे. त्याविषयी पुढे.

सुरुवात अवयवांच्या तक्त्याने होते आणि तिथेच पहिली गडबड. ‘कंबर’ या शब्दासमोर पुस्तिकेत ‘वेस्ट’ छापलंय. शिंप्याकडे माप द्यायचं असेल तर ते बरोबर आहे. मुतखड्याचं दुखणं जिथे असतं त्या जागेला इंग्रजीत ‘फ्लँक’ म्हणतात: शेवटच्या बरगडीच्या खाली, बाजूला आणि थोडं मागे. आपल्याकडे त्याला कूस म्हणतात. हा शब्द पुस्तिकेत कुठेच नाही. ‘माय वेस्ट इज पेनिंग’ असं सांगितलं तर समोरचा माणूस स्नायू धरलाय असं समजून गरम पाण्याची पिशवी सुचवेल. ‘फ्लँक’ आठवला नाही तर सोपा उपाय आहे. हात त्या जागी ठेवायचा आणि म्हणायचं, ‘इट हर्ट्स हिअर, बिलो माय रिब्ज, ऑन द लेफ्ट साइड.’ दुखणं खाली जांघेकडे उतरत असेल तर ‘इट गोज डाउन टू माय ग्रॉइन’. या एका वाक्यावर डॉक्टरचे कान टवकारतात, कारण खडा मूत्रवाहिनीत खाली सरकताना दुखणं असंच उतरतं.

‘पेनिंग’ची सवय मात्र वर्गात पहिल्याच दिवशी सोडवतात, हे बरं. ‘माय स्टमक इज पेनिंग’ पुण्यात सगळ्यांना कळतं, बाहेर कानाला खटकतं. ‘इट हर्ट्स’ किंवा ‘आय हॅव पेन इन...’ एवढं पुरतं.

दुखण्याच्या प्रकारांवर अजून वेळ द्यायला हवा. मराठीत उसण, चमक, ठणका, कळ असे नेमके शब्द आहेत आणि वर्गात या सगळ्यांना ‘सिव्हिअर पेन’ची एकच टोपी घातली जाते. उसण भरली की माणूस हलायला घाबरतो, निपचित पडून राहतो. मुतखड्याची कळ आली की नेमकं उलटं: बसवत नाही, झोपवत नाही, माणूस खोलीभर फेऱ्या मारतो. हा फरक सांगणारी दोन वाक्यं पाठ करण्यासारखी आहेत. ‘आय कान्ट फाइंड अ कम्फर्टेबल पोझिशन’ आणि ‘द पेन कम्स इन वेव्ह्ज’. याखेरीज शून्य ते दहा या मापावर दुखणं किती हे विचारतातच, तिथे ‘व्हेरी मच’ चालत नाही, आकडा द्यावा लागतो. आणि कधी सुरू झालं ते घड्याळातल्या वेळेने: ‘इट स्टार्टेड अराउंड फोर धिस मॉर्निंग’. ‘सिन्स मॉर्निंग’ म्हटलं की पहाटे चार की सकाळी दहा, हा प्रश्न उरतोच.

तिसरी तासिका लघवीवर आहे आणि इथून वर्गाला खरा रंग चढतो. शिकवायला दोघीजणी असतात. एक शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या बाई, दुसऱ्या निवृत्त सिस्टर. दोघींचं एकमत नसेल तेव्हा सिस्टरांचं ऐकावं. ‘उन्हाळी लागलीय’ याचं इंग्रजी काय, हा प्रश्न या तासिकेत कोणी ना कोणी विचारतंच. सिस्टरांचं उत्तर फार चांगलं आहे: शब्दाचं इंग्रजी शोधू नका, काय होतंय ते सांगा. लघवी करताना जळजळतं ना? मग ‘इट बर्न्स व्हेन आय पास युरिन’. वारंवार लागते? ‘आय हॅव टू गो व्हेरी ऑफन’. लागली की थांबवत नाही? ‘आय कान्ट होल्ड इट’. लागते, पण थेंब थेंबच होते? ‘ओन्ली अ फ्यू ड्रॉप्स कम आउट’. रंग सांगतानाही ‘रेडिश’वर थांबायचं नाही: गुलाबी म्हणजे ‘पिंक’, कोकसारखी काळपट असेल तर ‘कोला-कलर्ड’, गढूळ असेल तर ‘क्लाउडी’. गढूळ आणि वास येणारी लघवी जंतुसंसर्गाकडे बोट दाखवते, म्हणून हा तपशील सोडायचा नाही.

‘उष्णता’ हा दुसरा खड्डा. ‘माझ्या अंगात उष्णता आहे’ याचं ‘आय हॅव हीट इन माय बॉडी’ केलं की परदेशातली नर्स थर्मामीटर आणते. तसंच ‘पित्त’. आम्लपित्त असेल तर ‘ॲसिडिटी’ पुण्यात चालते, अमेरिकेत ‘हार्टबर्न’ किंवा ‘ॲसिड रिफ्लक्स’. अंगावर पित्त उठलं तर ‘हाइव्ह्ज’. आणि पित्ताशयातला खडा म्हणजे ‘गॉलस्टोन’. त्याचा किडनीशी काही संबंध नाही. ‘आय हॅड स्टोन ऑपरेशन’ एवढंच सांगणारे पुष्कळ असतात. पित्ताशय काढलं होतं की किडनीतला खडा काढला होता, हे त्यातून कोणालाच कळत नाही. ‘किडनी स्टोन’ असं पूर्ण म्हणायची सवय वर्गात लावतात, ती लावून घ्यावी.

चौथी तासिका रिपोर्टची. नाव-गाव झाकलेला सोनोग्राफीचा एक नमुना रिपोर्ट पडद्यावर दाखवतात आणि ओळीओळीने वाचून घेतात. फी याच दीड तासात वसूल होते. पहिला धडा असा की रिपोर्टमध्ये ‘स्टोन’ शब्द सापडेलच असं नाही. तिथे ‘कॅल्क्युलस’ लिहितात आणि एकाहून जास्त असले तर ‘कॅल्क्युलाय’. दोन-तीन मिलिमीटरच्या कणाला ‘कॉन्क्रिशन’. आकार कधी सेंटीमीटरमध्ये, कधी मिलिमीटरमध्ये असतो. ०.६ सेमी आणि ६ मिमी एकच, पण घाईत ‘पॉइंट सिक्स’ ऐकून निश्चिंत होणारे आणि ‘सिक्स’ ऐकून घाबरणारे दोन्ही सापडतात. पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपसूक पडतात, पाच ते दहामध्ये शक्यता कमी होत जाते, दहाच्या वर फारशी उरत नाही. म्हणून आकार आणि एकक दोन्ही मोठ्याने वाचायला लावतात.

मग खडा कुठे आहे ते. ‘लोअर पोल कॅलिक्स’ म्हणजे किडनीच्या आतच, खालच्या कप्प्यात. बऱ्याचदा तिथे मुकाट पडून राहतो. ‘प्रॉक्सिमल युरेटर’ म्हणजे मूत्रवाहिनीचा वरचा भाग, ‘डिस्टल’ म्हणजे खालचा. ‘पीयूजे’ म्हणजे किडनी आणि मूत्रवाहिनी यांचा सांधा, ‘व्हीयूजे’ म्हणजे मूत्रवाहिनी मूत्राशयाला मिळते ती जागा. तिथे नळी अरुंद असते, त्यामुळे खडा अडकायची ती नेहमीची जागा. ‘ऑब्स्ट्रक्टिंग’ म्हणजे वाट अडवणारा, ‘नॉन-ऑब्स्ट्रक्टिंग’ म्हणजे न अडवणारा.

‘माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस’वर सिस्टर मुद्दाम थांबतात. आपण त्याला ‘किडनीला सूज’ म्हणतो आणि घरी येऊन ‘इन्फेक्शन झालंय’ असं सांगतो. ही सूज जंतूंची नव्हे. पुढे वाट अडल्यामुळे लघवी मागे साचते आणि किडनीचा आतला भाग फुगतो, एवढाच त्याचा अर्थ. जंतुसंसर्ग सोबत असू शकतो, पण तो लघवीची तपासणी आणि ताप यांवरून ठरतो. उलट काही शब्द भारदस्त दिसतात आणि खुशालीचे असतात: ‘अनरिमार्केबल’ म्हणजे विशेष काही दोष नाही, ‘कॉर्टिकोमेड्युलरी डिफरन्सिएशन मेंटेन्ड’ म्हणजे किडनीची आतली ठेवण शाबूत आहे, ‘सिंपल कॉर्टिकल सिस्ट’ म्हणजे पाण्याची साधी गाठ. ती खडा नव्हे आणि सहसा त्रासही देत नाही. तळाशी ‘क्लिनिकल कोरिलेशन’ लिहिलेलं वाचून धास्तावायचं नाही. पेशंटला तपासून अर्थ लावा, अशी ती डॉक्टरांना केलेली सूचना असते.

सीटीचा भाग घाईत संपवतात. तिथे तीन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. मुतखड्यासाठी ‘एनसीसीटी केयूबी’ करतात, म्हणजे शिरेतून औषध न देता केलेला साधा सीटी. आपल्याकडे सगळे त्याला ‘प्लेन सीटी’ म्हणतात. त्यात ‘एचयू’ नावाचा आकडा येतो, तो खड्याचा घट्टपणा दाखवतो. हजाराच्या वर असेल तर बाहेरून लहरी मारून खडा फोडणं अवघड जातं. आणि युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, सीटीत दिसतो. ‘एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे खडा नाही’ असं धरून चालता येत नाही. कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून औषध देऊन करायचा सीटी सांगितला तर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती, पूर्वी कशाची ॲलर्जी आली होती का आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू आहे का, हे आपणहून सांगायचं. बाहेर ‘सोनोग्राफी’ऐवजी ‘अल्ट्रासाउंड’ म्हणतात, हेही इथेच सांगतात.

पाचव्या तासिकेचा विषय उपचार. शीर्षकातला प्रश्न इथला. ‘आमच्या ह्यांना नळी घातली होती’ या वाक्यात मराठीत दोन अगदी वेगळ्या वस्तू मावतात. एक ‘कॅथेटर’: लघवीच्या वाटेतून मूत्राशयात घातलेली, बाहेर पिशवीला जोडलेली, डोळ्यांना दिसणारी. दुसरी ‘डीजे स्टेंट’: किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत बसवलेली, दोन्ही टोकांना वेटोळी, बाहेरून सहसा दिसत नाही. कॅथेटर विसरायची सोय नाही. स्टेंट मात्र विसरला जातो, आणि महिनोन्महिने आत राहिला तर त्यावरच क्षार बसतात आणि काढणं अवघड होऊन बसतं. म्हणून स्टेंट घालून परदेशी जाणाऱ्याने एक वाक्य कागदावर लिहून जवळ ठेवावं: ‘आय हॅव अ युरेटरिक स्टेंट ऑन द राइट साइड. इट वॉज पुट इन ऑन...’ आणि पुढे तारीख, काढायची तारीखही. स्टेंट असताना वारंवार लघवीला होणं, लघवी करताना कुशीत दुखणं, अधूनमधून लालसर लघवी होणं हे नेहमीचं. थंडी वाजून ताप येणं नेहमीचं नव्हे.

याच्याच शेजारची जोडी ‘युरेटर’ आणि ‘युरीथ्रा’. पहिली किडनीतून मूत्राशयात येणारी वाहिनी, दुसरा मूत्राशयातून बाहेर जाणारा मार्ग. खडा या दोन्हींपैकी कुठे अडकलाय यावर दुखण्याची जागा आणि उपाय बदलतात. बाई उच्चाराचा सराव घेतात. पण पुस्तिकेत दोन्ही शब्द देवनागरीत जवळजवळ सारखेच छापलेत. पुढच्या छपाईत हे दुरुस्त व्हायलाच हवं. फोनवर आणखी एक जोडी घोटाळा करते: ‘युरॉलॉजिस्ट’ आणि ‘न्यूरॉलॉजिस्ट’. अपॉइंटमेंट घेताना ‘फॉर किडनी स्टोन’ हे शेपूट जोडायचं, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांच्या दारात बसायची वेळ येत नाही.

‘लेझरने काढला’ हेही असंच सरसकट वाक्य. बाहेरून लहरी मारून फोडला असेल तर ‘शॉक वेव्ह लिथोट्रिप्सी’, लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून काढला असेल तर ‘युरेटरोस्कोपी’, लवचिक दुर्बीण थेट किडनीपर्यंत नेली असेल तर ‘आरआयआरएस’, पाठीतून छोटं छिद्र पाडून काढला असेल तर ‘पीसीएनएल’. हे पाठ करत बसू नये. डिस्चार्ज कार्डावर छापलेलं असतं, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

औषधांच्या तासाला सिस्टरांची पकड दिसते. ‘ओडी’ दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एचएस’ झोपताना, ‘एसओएस’ लागेल तेव्हा. अमेरिकेत ‘एसओएस’ला ‘पीआरएन’ म्हणतात. ब्रँडची नावं बाहेर चालत नाहीत, मूळ औषधाचं नाव लागतं. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत ‘ॲसिटामिनोफेन’ होतं. खडा पडायला मदत म्हणून टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम देतात. त्याने उभं राहताना चक्कर येऊ शकते, आणि तिथे ‘गिडीनेस’पेक्षा ‘आय फील डिझी व्हेन आय स्टँड अप’ लवकर कळतं. ‘मला बीपी आहे’, ‘मला शुगर आहे’ यांची भाषांतरंही इथे सुधारून घेतात: ‘हाय ब्लड प्रेशर’, ‘डायबिटीज’. बीपी काय, सगळ्यांनाच असतं.

एक गोष्ट वर्गात सांगतात, पुस्तिकेत मात्र नाही: खडा पडायची वाट बघायला सांगितलं असेल तर लघवी गाळायची. बारीक जाळीची वेगळी गाळणी ठेवायची (चहाची नव्हे), सापडलेला खडा धुऊन कोरड्या डबीत ठेवायचा आणि ‘स्टोन ॲनालिसिस’ला द्यायचा. कॅल्शियम ऑक्झलेटचा निघतो की युरिक ॲसिडचा, यावर पुढचं पथ्य आणि औषध ठरतं.

आता ते आहाराचं पान. ‘अव्हॉइड मिल्क, अव्हॉइड टोमॅटो सीड्स’ असं ठळक अक्षरांत छापलंय. इंग्रजी शुद्ध, सल्ला चुकीचा. खडा कॅल्शियमचा म्हणून दूध तोडायचं, हा जुना समज. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. ते तोडलं तर ऑक्झलेट रक्तात आणि लघवीत जास्त उतरतं. कमी करायचं ते मीठ, म्हणजे लोणचं, पापड, फरसाण. ऑक्झलेटचे खडे होत असतील तर पालक, बीट, काजू-बदाम यांच्यावर हात आखडायचा. आणि पाणी: दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं, म्हणजे प्यायचं त्याहून जास्त, पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तर आणखी. लिंबाचं सरबत चांगलं, फक्त मीठ-साखर बेताने. किडनी किंवा हृदय अधू असलेल्यांनी पाण्याचा आकडा आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचा. या पानावर शब्द शिकायचे असतील तर ‘कट डाउन ऑन सॉल्ट’ आणि ‘प्लेंटी ऑफ फ्लुइड्स’ एवढे पुरेत.

कुळथाचं पाणी, पाणफुटीचा पाला, गोखरूचा काढा हे पुण्यातल्या घराघरांत चालतं. त्याचा गुण येतो की नाही हा वाद या वर्गाचा नाही. पण डॉक्टरांनी ‘आर यू टेकिंग एनीथिंग एल्स?’ विचारलं की आपण ‘नो’ म्हणतो, कारण घरगुती औषध आपल्या लेखी औषध नसतंच. सांगायला हवं. कुळीथ म्हणजे ‘हॉर्स ग्रॅम’. पाणफुटीचं नाव आठवलं नाही तर ‘अ हर्बल होम रेमेडी’ पुरेसं. हा भाग फक्त पाच मिनिटं चालतो, वीस मिनिटं हवा.

शेवटच्या तासिकेत दोघादोघांना पाठीला पाठ लावून बसवतात आणि फोनवर बोलायला लावतात. चेहरा दिसत नसला की आपलं इंग्रजी किती हातवाऱ्यांवर चालतं ते कळतं. काय झाल्यावर वाट बघायची नाही, हे सिस्टर परत परत म्हणवून घेतात: थंडी वाजून ताप, म्हणजे ‘फीव्हर विथ चिल्स’, लघवी अजिबात न होणं, ‘आय हॅव नॉट पास्ड एनी युरिन सिन्स लास्ट नाइट’, पाणीही पोटात ठरत नाही इतक्या उलट्या, ‘आय कान्ट कीप एनीथिंग डाउन’, आणि एकच किडनी असेल तर ते पहिल्याच वाक्यात. अडकलेला खडा आणि वर ताप ही जोडी जिवावर बेतू शकते. नंबर महाराष्ट्रात १०८, अमेरिकेत ९११, इंग्लंडमध्ये ९९९. तातडीचं नसेल तर इंग्लंडमध्ये १११. अमेरिकेत ‘कॅज्युअल्टी’ म्हटलं तर कोण दगावलं असं विचारतील. तिथे ‘ईआर’, इंग्लंडमध्ये ‘ए अँड ई’.

विम्याला उरलेला अर्धा तास मिळतो आणि तो पुरत नाही. ‘प्री-एक्झिस्टिंग कंडिशन’ म्हणजे पॉलिसी घेण्याआधीपासूनचा आजार, एवढं सांगून पुढे जातात. किडनीत न दुखणारा चार मिलिमीटरचा खडा रिपोर्टमध्ये नोंदलेला असेल तर तोही यात मोडू शकतो. तो फॉर्मवर लपवला तर पुढे दावा अडकू शकतो. पॉलिसीचा एखादा खरा कागद पडद्यावर दाखवून रिपोर्टसारखाच वाचून घेतला असता तर ही तासिकाही चौथीच्या तोडीची झाली असती.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही; गुडघे दुखणाऱ्यांनी नाव नोंदवण्याआधी जिना बघून यावा. गाडी नेणार असाल तर गल्लीतली सम-विषम तारखांची पाटी आधी वाचा. सकाळची तुकडी घ्यावी, संध्याकाळी खालच्या रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये उच्चार ऐकू येत नाहीत. पहिल्या दोन तासिका सोडून फी कमी करून मिळते का, हे विचारून बघायला हरकत नाही. पुस्तिका वेगळी विकत मिळते. घेतलीत तर ‘कंबर’समोर पेनने ‘फ्लँक’ लिहा, आणि आपला स्वतःचा एखादा जुना रिपोर्ट चौथ्या तासिकेला सोबत न्या, सिस्टर तो वाचून दाखवतात.